गालिबिएचा चढ सरासरीत मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुधवार, ३ जुलै २०२४ च्या अंकात सायकलपटू तादेय पोगाचारने टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा चौथा टप्पा जिंकून आघाडीवीराची पिवळी जर्सी परत मिळवल्याची बातमी वाचली. बातमी छान होती, छायाचित्र तर झकासच. जुलै महिना आणि रस्त्याच्या कडेला बर्फाची भिंत! तक्रार आहे ती बातमीखालच्या, फ्रेंच आल्प्समधल्या गालिबियर घाटाच्या चौकटीबद्दल. चौकटीतला मजकूर असा : ‘गालिबियर घाट. लांबी ३४.८ किमी, सरासरी चढ ५.५ टक्के, उंची २,६४२ मीटर. १९११ पासून स्पर्धेत. लांब असला तरी तुलनेने सौम्य चढ.’

चार ओळींच्या चौकटीवर एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. घरच्यांनाही वाटले. पण त्या ‘सौम्य’ घाटात शेवटचा काही रस्ता मी सायकल हातात धरून पायी चढलो आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. (फ्रेंचमध्ये नावातला शेवटचा ‘र’ उच्चारत नाहीत, ते गालिबिए म्हणतात. त्यावरून मात्र माझे भांडण नाही. आपण ‘पॅरिस’ म्हणतोच की.)

आधी माझी ओळख. मी सरकारी बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षे सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर गेली. डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, तिपाईवर लावायची, समोर कुणी स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच फळी, धरून उभे राहायचे, दुर्बिणीतून आकडे वाचायचे, लेव्हल बुकात लिहायचे आणि संध्याकाळी रेस्ट हाऊसवर कंदिलाखाली एल-सेक्शन काढत बसायचे. रस्ता लांबीत कसा चढतो-उतरतो याचे चित्र म्हणजे एल-सेक्शन. त्या चित्राशिवाय घाटाबद्दल बोलणे म्हणजे पत्रिका न बघता लग्न ठरवणे, असे आमचे एक कार्यकारी अभियंता म्हणत.

नोकरीत मी सर्वांत जास्त भांडलो ते ‘सरासरी’ या शब्दाशी. हा ठेकेदारांचा लाडका शब्द. खोदकामाचे माप घेताना ठरावीक अंतरावर जमिनीचे आडवे छेद घेतात आणि दोन छेदांची सरासरी काढून मधल्या लांबीने गुणतात. पद्धत बरोबरच आहे. पण एक छेद या टेकाडावर, दुसरा त्या टेकाडावर घेतला आणि मधला नाला विसरला, की सरकार हवा खोदल्याचे पैसे देते. म्हणून पहिला धडा असा, की जमीन जिथे मोडते तिथे स्टाफ उभा राहिला पाहिजे. तिथे नाही राहिला, तर पुढचे सगळे गणित बरोबर येते आणि उत्तर चुकते.

आपल्या चौकटीचे नेमके हेच झाले आहे.

३४.८ किलोमीटर आणि ५.५ टक्के हे आकडे गालिबिएच्या उत्तरेकडच्या बाजूचे आहेत. मोरिएन खोऱ्यातल्या सँ-मिशेल या गावापासून माथ्यापर्यंत. गाव साधारण ७१० मीटरवर, माथा २,६४२ वर. वजाबाकी करा, लांबीने भागा, साडेपाच टक्के येतात, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साडेपाच मीटर वर. आता मधला नाला बघा. सँ-मिशेलहून रस्ता आधी तेलेग्राफ नावाच्या दुसऱ्याच खिंडीवर चढतो. तिची उंची १,५६६ मीटर. सुमारे बारा किलोमीटरांत साडेआठशेहून जास्त मीटर चढायचे, म्हणजे सात टक्क्यांच्या वर. तिथून रस्ता पाचेक किलोमीटर चक्क खाली उतरतो, १,४०० मीटरच्या आसपास असलेल्या व्हालुआर गावात. आणि व्हालुआरपासून पुढे अठरा किलोमीटर खरा गालिबिए. चढाची लांबी तीसच्या घरात आणि चढायची उंची २,१०० मीटरच्या जवळ. सरासरीच काढायची तर ती सात टक्के येते. उताराचे पाच किलोमीटर तुम्ही चढाच्या हिशेबात धरले आणि उतारावर गमावलेली उंची, जी पुन्हा चढावी लागते, ती मात्र धरली नाही. ठेकेदार असता तर आपले बिल मी परत पाठवले असते.

याहून गंमत म्हणजे मंगळवारची शर्यत या बाजूने गेलीच नाही! टप्पा इटलीतल्या पिनेरोलोहून निघाला आणि व्हालुआरला संपला. म्हणजे सायकलस्वार दक्षिणेकडून, लोतारे खिंडीतून गालिबिएवर चढले आणि उत्तरेच्या बाजूने खाली उतरले. आपण छापलेल्या ३४.८ किलोमीटरांपैकी एकही किलोमीटर त्या दिवशी कुणी चढलेले नाही. ज्या जिन्याने पाहुणे उतरले, त्या जिन्याच्या पायऱ्या मोजून ‘चढायला सोपा’ असे आपण सांगितलेत.

दक्षिणेच्या बाजूचे आकडे स्पर्धेच्या अधिकृत माहितीत होते : २३ किलोमीटर, सरासरी ५.१ टक्के. आपण तेच छापले असते तरी मी पत्र लिहिलेच असते, फक्त थोडे लहान. कारण या २३ किलोमीटरांच्या मध्येच लोतारे आहे, २,०५८ मीटरवर. तिथून गालिबिएचा माथा साडेआठ किलोमीटर. वजाबाकी केली की दिसते, की लोतारेपर्यंतच्या साडेचौदा किलोमीटरांत सुमारे ५९० मीटर चढायचे आहेत आणि नंतरच्या साडेआठ किलोमीटरांत पुन्हा जवळजवळ तेवढेच. उंची सारखी, अंतर जेमतेम साठ टक्के. पहिला तुकडा चार टक्क्यांचा, दुसरा सातच्या जवळचा. ५.१ टक्के हा चढ त्या रस्त्यावर नेमका कुठे आहे? जमीन मोडते ती लोतारेला, आणि तिथे कुणी स्टाफ धरलेला नाही.

पहिला तुकडा रुंद हमरस्त्याचा आहे. त्यावर पन्नास-साठ जणांचा जथा एकमेकांच्या आडोशाने जातो. जोर वाऱ्याशी असतो, आणि पुढच्याच्या मागे दडलेल्याला तो फारसा लागत नाही. लोतारेला रस्ता वळला, अरुंद झाला आणि चढ वाढला की वेग उतरतो, आडोशाचा फायदा आटतो आणि प्रत्येकाला आपले वजन आपणच उचलावे लागते. मोठी स्पर्धा घाटात फुटते ती यामुळे. सरासरी छापणारा या फुटण्याची जागाच पुसून टाकतो.

आता माझी फजिती सांगतो. २०१७ सालच्या जुलैत, निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, मी भाच्याकडे फ्रान्समध्ये ग्रनोबलला गेलो होतो. तो तिथे नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी सायकलवर डोंगर पालथे घालतो. मीही सायकल चालवतो, पण आमची पिढी साईटवर पोचण्यासाठी सायकल मारणारी, घट्ट कपडे घालून मारणारी नव्हे. भाचा म्हणाला, “मामा, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घाट बांधलेत. एकदा स्वतः चढून बघा.” मी कसला थांबतोय! लगेच हो म्हटले.

सायकल भाड्याने घेतली. दुकानातल्या पोराने भाच्यामार्फत विचारले, मागची सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची हवी की ३४ ची? पुढची लहान चकती ३४ दात्यांची होती. मागेही ३४ असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल चाकाच्या एका फेरीइतकी, म्हणजे दोन मीटर दहा सेंटिमीटर पुढे जाते. मागे २८ असेल तर अडीच मीटरच्या किंचित वर. म्हणजे दर फेरीला एकपंचमांशाहून जास्त जोर लावायचा. मी खिशातून कागद काढला. माझे वजन, सायकलचे वजन, पाणी, सगळे मिळून ८० किलो धरले आणि चढ धरला, संपादक महाराज, साडेपाच टक्के. तोच आपल्या चौकटीतला आकडा. एका माहितीपत्रकात छापलेला होता. उत्तर आले की २८ पुरेत. दुकानातल्या पोराने खांदे उडवले. भाचा म्हणाला, “मामा, ३४ घ्या हो.” मी त्याला म्हटले, गणित आहे हे, अंदाज नव्हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तेलेग्राफचा चढ सुंदर आहे. झाडीतून जातो, सकाळची सावली असते आणि ज्याने कुणी आखला त्याने पट्टी लावून आखल्यासारखा एकसारखा आहे. नेपोलियनच्या काळात डोंगराच्या टोकावरून हातवाऱ्यांसारख्या खुणा करून संदेश पाठवायचे ठाणे इथे होते, त्यावरून हे नाव पडले. एकसारखा चढ म्हणजे पायाला लय सापडते. सात टक्के असूनही मी बोलत बोलत चढलो आणि गणितावरचा माझा विश्वास भलताच वाढला. मग तो व्हालुआरचा उतार लागला. बाकीचे सगळे खुशीत, कुणी हात सोडून अंगरखा घालतोय, कुणी गातोय. माझा मात्र जीव तुटत होता. दीड-पावणेदोनशे मीटर उंची वाया! रस्ता आखताना अशी मिळवलेली उंची घालवली तर वरिष्ठ लेखी खुलासा मागत.

व्हालुआरच्या पुढे खोरे उघडे होते. झाड नाही, सावली नाही, शेजारी ओढा आणि समोर सरळसोट रस्ता. हा भाग डोळ्याला सपाट दिसतो आणि पायाला लागतो. दोन्ही बाजूंचे डोंगर इतके उभे आहेत, की पाच-सहा टक्क्यांचा रस्ता त्यांच्या शेजारी आडवाच वाटतो. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा असता तर त्याने खरे सांगितले असते. सायकलवर बुडबुडा नसतो, फक्त आपण इतके हळू का चाललोय हे कळेनासे होते.

इथे मला आमच्या तात्यांची आठवण झाली. तात्या म्हणजे माझ्या पहिल्या घाटावरचे मैलकुली, रस्ता राखणारे मजूर. शाळेत गेले नव्हते, पण स्टाफ कुठे धरायचा हे त्यांना कुणी सांगावे लागत नसे. मी नवा होतो, पुस्तकाप्रमाणे दर तीस मीटरवर स्टाफ धरायला सांगायचो. एक दिवस ते मला म्हणाले, “साहेब, येवढं मोजत बसायचं कशाला? खालनं खडीचा ट्रक येतोय. डायवर गिअर कुठं बदलतो ते आईका. तिथं मी फळी धरतो.” आम्ही दोघे कठड्यावर बसून राहिलो. ट्रक घरघरत आला, एका आवळ्याच्या झाडापाशी इंजिनाचा सूर बदलला. तात्या उठले आणि झाडाखाली स्टाफ घेऊन उभे राहिले. माझ्या आकड्यांत चढ तिथेच मोडला होता.

प्लाँ लाशा नावाची जागा आहे, सुमारे १,९६० मीटरवर, माथ्यापासून आठ किलोमीटर अलीकडे. तिथे रस्ता ओढा ओलांडतो, खोऱ्याचा नाद सोडतो आणि समोरच्या उतारावर नागमोडी चढू लागतो. माझ्यापुढे पंधरा-वीस सायकलस्वार होते. पूल ओलांडल्यावर वळणावर एकामागून एक आवाज आले, खटक्, खटक्, खटक्. सगळ्यांच्या चेनी मागच्या मोठ्या चकतीवर चढत होत्या. तात्या असते तर तिथेच फळी घेऊन उभे राहिले असते. मीही खटका दाबला. काहीच झाले नाही. मी आधीच २८ वर होतो.

त्या आठ किलोमीटरांत ६८० मीटर चढायचे असतात. साडेआठ टक्के. ‘साडेआठ’ म्हणजे काय हे आपल्या वाचकांना कळावे म्हणून सांगतो. आपल्याकडच्या रस्त्यांच्या नियमपुस्तकात अगदी उभ्या डोंगरातही नेहमीचा चढ ६ टक्के धरतात, मर्यादा ७ टक्के, आणि काहीच इलाज नसेल तर छोट्या तुकड्यापुरता ८ टक्के. म्हणजे आम्ही ज्याला अपवाद म्हणून वरिष्ठांची सही घेत असू, त्याहून जास्त चढ इथे सलग आठ किलोमीटर आहे. शिवाय आम्ही वळणावर चढ मुद्दाम कमी करतो, कारण वळताना गाडीची ताकद आधीच खर्च होत असते. इथल्या वळणांवर मी बाहेरच्या कडेने जाऊ लागलो, तेव्हा दोन श्वास फुकट मिळत. आतल्या कडेने गेलो की तेही जात.

माझा वेग ताशी सात किलोमीटर होता. त्या वेगाला २८ च्या चकतीवर मिनिटाला ४६ फेऱ्या पडतात. ३४ ची असती तर ५६ पडल्या असत्या. कागदावर दहा फेऱ्यांचा फरक. गुडघ्यात तो फरक जिना चढण्याचा आणि पोते घेऊन जिना चढण्याचा आहे. त्यात हवा विरळ. २,६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीपेक्षाही थोडा कमी असतो. तोंड उघडे ठेवूनही पोटभर श्वास आल्यासारखा वाटत नाही. हेही सरासरी चढात कुठे दिसत नाही. खालच्या खोऱ्यातले सात टक्के आणि अडीच हजार मीटरवरचे सात टक्के हे कागदावरच भाऊ-भाऊ.

एका गोष्टीबद्दल मात्र तिथल्या रस्तेवाल्यांना दाद दिली पाहिजे. दर किलोमीटरला सायकलस्वारांसाठी खूण आहे. इथे उंची किती, माथा किती लांब आणि पुढच्या एका किलोमीटरचा सरासरी चढ किती. सरासरीच, पण एका किलोमीटरची. त्या खुणा वाचत गेलो असतो आणि घरून निघण्याआधी कुणी मला त्यांची यादी दिली असती, तर दुकानातल्या पोराचे ऐकले असते.

आता चौकटीतल्या दुसऱ्या आकड्याकडे येतो, कारण माझे पायी चालणे त्याच्याशी जोडलेले आहे. आपण ‘उंची २,६४२ मीटर, १९११ पासून स्पर्धेत’ असे एका दमात छापले. १९११ साली स्पर्धा २,६४२ मीटरवर गेलीच नव्हती. तेव्हा माथ्यावरून गाडीरस्ता नव्हता. माथ्याखालून १८९१ च्या सुमारास खोदलेला बोगदा होता, २,५५६ मीटरवर. एमिल जॉर्जे १० जुलै १९११ रोजी पहिला पोचला तो त्या बोगद्यातून. १९७६ साली बोगदा धोकादायक झाला म्हणून बंद केला आणि रस्ता वरून नेला. बोगदा दुरुस्त होऊन उघडला तो थेट २००२ साली. आता तो मोटारींसाठी आहे, सिग्नलवर आळीपाळीने सोडतात. सायकलला आत मनाई.

म्हणजे बोगद्याच्या तोंडापासून माथ्यापर्यंत आणखी ८६ मीटर उंची, आणि ती साधारण एका किलोमीटरात. मूळ आखणीत हा तुकडा नव्हताच, अडचणीपोटी नंतर जोडला, म्हणून तो असा उभा आहे. आम्हा लोकांना अशी जोडणी लांबून ओळखू येते, सदऱ्याला लावलेल्या ठिगळासारखी. मी त्या फाट्यावर पोचलो तेव्हा चार-पाच मोटारी लाल दिव्याला थांबल्या होत्या. एका गाडीतली लहान मुलगी काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. दिवा हिरवा झाला, ती बोगद्यात गेली आणि मी सायकलवरून उतरलो. उरलेला रस्ता ढकलत चढलो. भाचा वर थांबला होता, त्याने फोटो काढण्याआधी मला सायकलवर बसायला सांगितले. तो फोटो दिवाणखान्यात लावलेला आहे, हेही कबूल करून टाकतो. मागे ला मेजचे हिमशिखर फार छान आले आहे.

१९११ साली न उतरता चढले ते तिघेच म्हणतात : जॉर्जे, पॉल द्युबोक आणि गुस्ताव गारिगू. बाकीचे चालले. त्यांच्याकडे गिअर बदलायची आजच्यासारखी सोय नव्हती. टूरमध्ये तसल्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. मला या चालणाऱ्यांबद्दल आता जवळीक वाटते.

आणि हा ठिगळाचा किलोमीटर म्हणजे फक्त माझ्यासारख्या म्हाताऱ्याची रडकथा नव्हे. मंगळवारी पोगाचारने हल्ला चढवला तो कुठे? माथ्याला एक किलोमीटरही उरला नव्हता तेव्हा, म्हणजे याच तुकड्यात. त्याचा प्रतिस्पर्धी योनास व्हिंगेगोर त्याच्या चाकाला चिकटून होता, तो तिथे सुटला. पुढे उतारावर पोगाचारने ते अंतर वाढवले. बातमीत आपण ‘अखेरच्या क्षणी निसटला’ एवढेच लिहिलेत. का तिथेच निसटला, याचे उत्तर १९७६ सालच्या त्या बोगदाबंदीत आहे. लोतारेपासून साडेसात किलोमीटर साधारण एका लयीचा रस्ता आणि मग अचानक उभा झालेला एक किलोमीटर. जमीन मोडली आणि माणसाने नेमका तिथे गिअर बदलला. हे क्रीडा पानावर आले असते तर ज्याने आयुष्यात घाट पाहिलेला नाही त्यालाही शर्यत दिसली असती.

याच पोगाचारला याच घाटाने २०२२ साली रडवले होते. तेव्हा शर्यत उत्तरेकडून गेली, तेलेग्राफ, गालिबिए आणि मग ग्रानोंचा चढ. व्हिंगेगोर आणि प्रिमोझ रोग्लिच आळीपाळीने त्याच्यावर हल्ले करत राहिले, तो प्रत्येकाला उत्तर देत राहिला, आणि ग्रानोंवर त्याचे पाय संपले. जवळपास तीन मिनिटे आणि पिवळी जर्सी गेली. एकच माथा, एकच माणूस, पण जिना वेगळा. १९९८ साली मार्को पांतानीने पावसात यान उलरिखला मागे टाकले तेही उत्तरेच्या बाजूला, आणि संध्याकाळपर्यंत उलरिखचे जवळजवळ नऊ मिनिटांचे नुकसान झाले होते. २०११ साली, शंभर वर्षे झाली म्हणून, टप्पा पहिल्यांदा माथ्यावरच संपवला, तो मात्र लोतारेकडून. अँडी श्लेक जिंकला. ‘गालिबिए’ असे नुसते लिहून यातले काहीच कळत नाही. कोणत्या बाजूने, हे आधी लिहायला हवे.

जागेची अडचण मला समजते. क्रिकेटला पान लागते, त्यातून सायकलला चार ओळी मिळाल्या हेच पुष्कळ. पण चार ओळींतही सरासरीऐवजी दुसरे काही बसते. कोणत्या गावाकडून चढ सुरू होतो, प्रत्यक्ष किती मीटर चढायचे, आणि सर्वांत उभा किलोमीटर कुठे आहे. एवढे तीन आकडे दिलेत तर सरासरी नसली तरी चालेल. आणि शक्य असेल तर एल-सेक्शनचे छोटे चित्र. परदेशी वर्तमानपत्रे छापतात तसे. आता आपल्याकडेही सुटीच्या दिवशी पहाटे सायकली घेऊन घाटात जाणारी बरीच मुले-मुली दिसतात. ती हेच आकडे वाचून चकत्या निवडतात.

सोबत दोन्ही बाजूंचा एल-सेक्शन हाताने काढून जोडला आहे. आडवे माप एका सेंटिमीटरला चार किलोमीटर, उभे माप एका सेंटिमीटरला पाचशे मीटर. आपल्या अंकाचा एक स्तंभ फूटपट्टीने मोजून घेतला. उत्तर बाजू दोन स्तंभांत आरामात बसते, दक्षिण बाजूला दीड पुरेल. उंच्यांमध्ये पाच-दहा मीटरचा फरक निघू शकेल, तेवढा पेन्सिलीचा समजावा. प्लाँ लाशापाशी एक लहानशी उभी रेघ आहे, ती छपाईची चूक समजून खोडू नये. ती स्टाफ आहे.

आपला,
नियमित वाचक व निवृत्त उपअभियंता